घड्याळातला चंद्र आणि आमचे एक जुने वाक्य

मागच्या व्याख्यानात आपण कॉलिंगवुडपाशी येऊन थांबलो होतो. कला आणि कारागिरी यांच्यामध्ये त्याने जी भिंत घातली तिच्याविषयी आज बोलू, असे आम्ही म्हटले होते. तेच बोलणार आहोत, फक्त पुस्तकावरून नाही. एका मनगटी घड्याळावरून बोलणार आहोत. चंद्राच्या कला दाखवणारे, चावीचे, अतिशय महागडे घड्याळ. किती महाग? त्या पैशात आपल्या वऱ्हाडात ओलिताची शेती घेता येईल, एवढे सांगून पुरे. घड्याळाचे नाव सांगत नाही, उगीच जाहिरात होते.

हे घड्याळ आमचे नव्हे, हे सांगायला नकोच. आमचा एक विद्यार्थी ते घालून अकोल्याला घरी आला होता. अमरावतीला आम्ही एकतीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. हा मुलगा (मुलगा कसला, आता सत्तावन्नचा आहे) १९८७-८८च्या वर्गातला. आता ड्रेस्डेनकडे नोकरीला असतो. चहा झाला, इकडचे-तिकडचे झाले, आणि त्याने घड्याळ काढून आमच्या पुढ्यात ठेवले. खिशातून एक भिंग काढले, घड्याळजी डोळ्याला लावतात ते, काळे, कडेला थोडे उडालेले. म्हणाला, "सर, हे भिंग बाबांचं आहे. आता सांगा, ही कला की कारागिरी?"

त्याचे वडील घड्याळ दुरुस्त करायचे. जवाहर गेटच्या आत छोटेसे दुकान होते. हे आम्हाला त्या दिवशी कळले. वर्गात कधी विचारले नव्हते. आणि वर्गात आम्ही एक वाक्य दरवर्षी म्हणत असू, ते त्याच्या तोंडून जसेच्या तसे ऐकावे लागले : 'घड्याळजी कितीही निष्णात असला तरी कारागीरच, कारण आपल्याला काय करायचे ते त्याला आधीच ठाऊक असते. कलावंताला ते नसते.' मुले वहीत उतरवून घ्यायची. ह्यानेही घेतले होते.

ते वाक्य काही आमच्या पदरचे नव्हते. कॉलिंगवुडचे 'प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' १९३८चे. त्यात तो कारागिरीची लक्षणे सांगतो : साधन आणि साध्य वेगळे असते, आराखडा आधी आणि अंमल नंतर असतो, कच्चा माल आणि तयार वस्तू यांत फरक असतो. खुर्ची करणाऱ्या सुताराला खुर्ची आधी माहीत असते. कवीला कविता लिहून होईपर्यंत माहीत नसते. मांडणी सुबक आहे, परीक्षेला तर फारच सोयीची. घड्याळजीचे उदाहरण मात्र आमचे. कॉलिंगवुडला त्याचा दोष देता येणार नाही.

तर आता आपण हे घड्याळ नीट पाहू. आधी तोंड, मग पाठ.

तोंडावर तबकडी, काटे आणि खाली एक अर्धगोल खिडकी. खिडकीत निळे आकाश, सोनेरी चांदण्या, सोनेरी चंद्र. खिडकीच्या खालच्या कडेला डावी-उजवीकडे दोन उंचवटे. चंद्र डाव्या उंचवट्यामागून हळूहळू वर येतो, मध्यावर आला की पौर्णिमा, मग उजव्या उंचवट्याखाली मावळतो. मांडणी म्हणून हे सुंदर आहे. मर्ढेकरांचे लयतत्त्व आपण केले आहे. संवाद, विरोध, समतोल. पांढऱ्या तबकडीच्या कोरडेपणाला त्या निळ्या तुकड्याने विरोध मिळतो आणि वरच्या तारखेच्या खिडकीने समतोल. ह्यात वाद नाही.

वाद पुढे आहे. ह्या चंद्रामागे यंत्र काय असते? नेहमीच्या रचनेत निळ्या चकतीवर एक नाही, दोन चंद्र असतात, समोरासमोर. चकतीला ५९ दाते. रोज एक दाता पुढे. म्हणजे ५९ दिवसांत दोन चांद्रमास, एक चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. पण खरा चांद्रमास सरासरीने २९.५३०५९ दिवसांचा. फरक दर महिन्याला ४४ मिनिटे. साठत साठत सुमारे पावणेतेहतीस चांद्रमासांत, म्हणजे दोन वर्षे आणि सात-आठ महिन्यांत, हा चंद्र एक पूर्ण दिवस चुकतो. आपल्याकडे अधिक मास कधी येतो? सरासरीने साडेबत्तीस सौर महिन्यांनी. म्हणजे अधिकाचे वाण देण्याची वेळ आली की घड्याळातल्या चंद्रालाही एक दिवस द्यावा लागतो! ह्यात गूढ काही शोधू नका. दोन्हींची कारणे अगदी वेगळी आहेत. पण आठवण ठेवायला बरे.

जरा उंची घड्याळांत ही चूक कमी करतात. १३५ दात्यांचे चक्र वापरून महिन्याची चूक ५७ सेकंदांवर आणतात. मग चंद्र एक दिवस चुकायला १२२ वर्षे लागतात. कोणी ५७७ वर्षांपर्यंत नेले आहे, कोणी ११ हजार, आणि एका स्विस कारागिराने तर वीस लाख वर्षांवर नेले आहे. आणि विक्रीच्या माहितीपत्रकात हाच आकडा मोठ्या अक्षरात असतो.

आमची पहिली तक्रार ह्या आकड्याबद्दल आहे. वीस लाख वर्षांत एक दिवस, ह्या वाक्याला अर्थच नाही. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचा दिवस हळूहळू लांबतो आहे, चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो आहे. वीस लाख वर्षांनी दिवसही हा नसेल आणि चांद्रमासही हा नसेल. तो आकडा चंद्राशी जुळण्याचा नाहीच. आजच्या एका अपूर्णांकाशी दात्यांचे गुणोत्तर किती जुळते, एवढेच तो सांगतो. आणि घड्याळाला दोन-तीन दिवस चावी दिली नाही की ते बंद पडते. पाच-सात वर्षांत तेल वाळते, उघडून साफ करावे लागते. वीस लाख वर्षे कोण चावी देणार, बाप्पा?

बरे, आकड्यांचीच शर्यत लावायची असेल तर आपल्या घरात बघा. सूर्यसिद्धान्तात एका महायुगाचे सावन दिवस १,५७,७९,१७,८२८ आणि चांद्रमास ५,३४,३३,३३६ दिले आहेत. भागाकार करून पाहा. २९.५३०५८८ येतो. आजच्या मानाशी फरक सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत. १२२ वर्षांचे ते चक्र महिन्याला ५७ सेकंद चुकते. दोन पूर्णांकांचे गुणोत्तर म्हणजे दुसरे काय, दातेच की! एका चाकाला इतके दाते, दुसऱ्याला तितके. पितळ नाही, कागद नाही, पाठांतरात ठेवलेले यंत्र.

आता कोणी लगेच 'आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' असे म्हणून उठू नका, खाली बसा. त्याच ग्रंथाचे वर्षमान ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे, त्यामुळे संक्रांत ऋतूंपासून सरकत गेली. ग्रंथावरून काढलेल्या तिथी आणि ग्रहणे आकाशाशी जुळेनात. म्हणून तर एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांनी वेधाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग काढले, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहून सगळा हिशेब मांडला, व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवी गणिते बसवली, टिळकांनी त्या वादात उडी घेतली. भांडणे झाली, एकाच गावात सण दोन दिवशी होऊ लागले. पण ते भांडण होते कशाचे? यंत्रातला चंद्र आणि आकाशातला चंद्र वेगळे पडले तर कोणाचे ऐकायचे, ह्याचे.

आणि इथे आपल्या ज्योतिषाने दोन शब्द दिले आहेत ते फार मोलाचे आहेत : मध्यम चंद्र आणि स्पष्ट चंद्र. मध्यम म्हणजे सरासरीने एकसारखा चालणारा. असा चंद्र आकाशात नसतो, गणितात असतो. खरा चंद्र कधी जलद, कधी मंद चालतो, म्हणून तिथी कधी एकोणीस तासांची तर कधी सव्वीस तासांची. म्हणून क्षय तिथी, म्हणून वृद्धी तिथी. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंतचा काळसुद्धा २९ दिवस ६ तास ते २९ दिवस २० तास असा मागेपुढे होतो. मध्यमावर संस्कार करून स्पष्ट काढायचा, हे पंचांगाचे खरे काम.

आपल्या महागड्या घड्याळातला चंद्र कोणता? मध्यम. निव्वळ मध्यम. बावीसशे-एकवीसशे वर्षांपूर्वी कधीतरी ग्रीकांनी केलेले एक काशाचे यंत्र अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्रात सापडले, १९०१ साली वर काढले. त्यात चंद्राची जलद-मंद गती दाखवायला एका चाकावरची खुंटी दुसऱ्या चाकाच्या खाचेत फिरवण्याची युक्ती होती, आणि कला दाखवायला अर्धा काळा, अर्धा उजळ असा छोटा गोल होता. म्हणजे स्पष्ट चंद्राकडे जाण्याची धडपड तेव्हा यंत्रात होती. आज जे मनगटावर लाखो रुपयांना मिळते त्यात बहुधा ती नसते.

दुसरी तक्रार आकाराची, आणि ही आम्हाला जास्त टोचते. त्या दोन उंचवट्यांकडे परत बघा. त्यांच्या कडा गोल आहेत, बाहेर फुगलेल्या. म्हणजे ते चंद्राचा घास घेतात तेव्हा चंद्राची आतली कड नेहमी खोलगटच दिसते. चतुर्थीला ठीक आहे, कोर तशीच असते. पण अष्टमीचा चंद्र बरोबर अर्धा, सरळ रेषेत कापलेला असतो. एकादशीचा पोट सुटलेला. हे दोन्ही ह्या खिडकीत कधीच दिसत नाहीत. पौर्णिमेच्या दोन दिवस आधीही चंद्र भाकरीचा तुकडा मोडल्यासारखाच. शेकडो चांदण्या बारीक बारीक कोरल्या, पण अष्टमी नाही! अचूकतेची वर्षे मोजणाऱ्यांना हे खटकत नाही, कारण आकड्यात ते पकडता येत नाही. काही घड्याळांत छोटा गोल फिरवून खरी कला दाखवतात, ते आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. पण चलती ह्या उंचवट्यांचीच आहे.

तिसरी गोष्ट घरची. संकष्टीला आमच्या घरी अजून चंद्रोदय पाहून जेवतात. त्या दिवशी ह्या घड्याळाचा उपयोग शून्य. चंद्र कोणत्या कलेत आहे ते त्या दिवशी सगळ्यांना ठाऊकच असते. हवे असते ते कधी उगवेल ते. ते गावागणिक बदलते. अमरावती मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ पाच अंश, म्हणून आपल्याकडे चंद्र वीसेक मिनिटे आधी वर येतो. भिंतीवरची चाळीस-पन्नास रुपयांची दिनदर्शिका गावोगावच्या वेळा छापते.

हे सगळे त्या विद्यार्थ्यासमोर आम्ही असेच्या असे बोललो. थोडा आवेशही आला होता, कबूल करतो. प्राध्यापकाला चूक सापडली की तो तरुण होतो. त्याने शांतपणे ऐकले आणि घड्याळ पालथे केले.

पाठीला काच होती. भिंग डोळ्याला लावले. पहिल्यांदा काहीच दिसेना, आमचा हात थरथरतो. मग त्याने घड्याळ धरले.

हे घड्याळ ग्लासह्युट्टच्या धाटणीचे. जर्मनीतल्या सॅक्सनीमधले डोंगरातले छोटे गाव. तीन चतुर्थांश यंत्र झाकणारा एकच पत्रा, जर्मन सिल्व्हरचा, वर मुलामा नाही. मुलामा नसल्यामुळे बोट लागले की डाग राहतो, तो जात नाही. म्हणून तिथल्या एका नामांकित घराण्यात प्रत्येक घड्याळ दोनदा जोडतात. एकदा जोडून, चालवून, वेळ लावून पाहतात. मग सगळे सुटे करतात, एकेक भाग धुऊन शेवटचा हात फिरवतात, आणि पुन्हा जोडतात. बॅलन्सच्या चाकावरची छोटी पट्टी हाताने कोरलेली असते. कोरणारा बदलला की वेलबुट्टीचे वळण बदलते, जाणकार वळणावरून माणूस ओळखतात.

विद्यार्थ्याने एक जागा दाखवली. एका पत्र्याची कड पंचेचाळीस अंशात घासून चकचकीत केली होती, आणि ती कड एका आतल्या कोपऱ्यात वळत होती. "सर, हा कोपरा बघा." बाहेरचा कोपरा यंत्राने घासता येतो. आतला, टोकदार, दोन चकाकत्या कडा एका रेषेत मिळतात तो, फिरत्या हत्याराने होत नाही. हत्यार गोल असते, कोपऱ्यात गोलाईच ठेवून जाते. तिथे कानस, मग लाकडी काडी, त्यावर हिऱ्याची भुकटी, आणि हात. एका कोपऱ्याला कितीतरी वेळ. स्क्रूचे डोके कथलाच्या पत्र्यावर घासून असे केलेले की एका कोनातून काळे कुळकुळीत, जरा कलले की लख्ख.

मग तो म्हणाला, की तबकडीच्या खाली, जिथे काच नाही, जिथे मालकाची नजर कधी जाणार नाही, तिथल्या कडाही अशाच घासलेल्या असतात. त्या फक्त घड्याळजी पाहतो, दुरुस्तीला उघडल्यावर. दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी.

इथे आम्ही गप्प झालो. का ते सांगतो. कॉलिंगवुडच्या कसोटीत साध्य आधी, साधन नंतर. वेळ दाखवणे हे साध्य असेल तर त्या झाकलेल्या कडेने वेळ एका सेकंदानेही सुधारत नाही. शोभा हे साध्य म्हणावे तर ती कोणाला दिसत नाही. मग ते घासणे कशाचे साधन आहे? उत्तर देता येईना. कसोटी तिथे लागूच पडत नाही.

आता तुमच्यातले चतुर लोक म्हणतील, सर, भोळे आहात, ते किमतीचे साधन आहे. हे व्हेब्लेनने १८९९मध्येच म्हणून ठेवले आहे. हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्राने केलेला ॲल्युमिनियमचा चमचा, सूप दोन्हींनी पिता येते. पहिला सुंदर वाटतो तो महाग असल्यामुळे, आणि त्यातल्या वाया गेलेल्या श्रमांची आपण पूजा करतो. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या माणसांच्या जिल्ह्यात बसून आम्ही आतल्या कोपऱ्याची स्तुती करतो आहोत, हे आम्हालाही कळते. घालणाऱ्याच्या बाबतीत व्हेब्लेन बहुतेक खराच आहे. घासणाऱ्याच्या बाबतीत तो काही सांगत नाही. मालक का विकत घेतो ह्यावरून कारागीर का घासतो हे ठरत नाही, एवढीच फट आम्हाला दिसते. आणि व्हेब्लेनने एक पाहिले नाही : ती झाकलेली कड एका कारागिराने दुसऱ्या, अजून न जन्मलेल्या कारागिराला लिहिलेली चिठ्ठी आहे. मालक हा मधला टपालवाला.

ग्लासह्युट्टचीही गोष्ट थोडी सांगतो. तिथल्या खाणी संपल्या, गाव दरिद्री झाले. १८४५मध्ये फर्डिनांड आडोल्फ लांगे ह्याने सरकारकडून कर्ज घेऊन तिथल्या पंधरा पोरांना घड्याळाचे काम शिकवायला घेतले. पुढे महायुद्धाच्या अगदी शेवटच्या दिवशी तिथे बॉम्ब पडले, मग पूर्व जर्मनीच्या सरकारने कारखाने ताब्यात घेतले, आणि १९९०मध्ये लांग्यांच्या पणतूने पुन्हा कंपनी नोंदवली. मधल्या चाळीसेक वर्षांत तिथे साधी, जनतेची घड्याळे होत होती, म्हणून हात तयार राहिले. आपल्याकडे बेंगळुरूला १९६१पासून एचएमटीने सिटिझनच्या मदतीने तशीच जनतेची घड्याळे केली. अमरावती-अकोल्याच्या गल्लीगल्लीतला घड्याळजी त्यांच्यावर जगला. मग क्वार्ट्झ आले, मग मोबाइल आला, कारखाना बंद झाला, आणि हात घरी बसले. तिथे पुन्हा कंपनी निघाली, इथे निघाली नाही. ह्याची कारणे अर्थशास्त्राच्या लोकांनी सांगावीत.

त्या संध्याकाळी विद्यार्थ्याला आम्ही विचारले, वर्गात तेव्हाच का बोलला नाहीस? तो म्हणाला, "सर, तेव्हा मला तुमचंच खरं वाटलं. घरी जाऊन बाबांना सांगितलंसुद्धा, की तुम्हाला काय करायचं ते आधीच ठाऊक असतं. ते हसले. म्हणाले, 'मले काय ठाऊक राह्यते रे? घड्याय उघडल्यावर ते बोलते. आपन आयकाचं.'"

कॉलिंगवुडने कलावंताचे जे वर्णन केले आहे, काम करता करता काय करायचे ते कळत जाणे, ते हेच. वडिलांना भेटून सांगावे असे वाटले, पण ते नऊ वर्षांपूर्वी गेले. मुलाला सांगितले, की आमचे वाक्य चुकीचे होते, वहीत खोडून टाक. तो म्हणाला, वही कुठे आहे आता.

आमचे म्हणणे एवढेच झाले, की ह्या घड्याळाचा चंद्र आम्हाला पटला नाही आणि त्याची पाठ पटली. चंद्राच्या बाबतीत एकच गोष्ट आवडली. घड्याळाच्या कडेला एक सूक्ष्म खळगी असते, त्यात काडी घालून दाबले की चंद्र एक घर पुढे सरकतो. चुकणार हे गृहीत धरून केलेली ती सोय. माहितीपत्रकात ती बारीक अक्षरात असते. विद्यार्थ्याचे घड्याळ विमानप्रवासात बंद पडले होते, चंद्र मागे राहिला होता. त्याने आमच्या गच्चीवर येऊन आधी वर पाहिले, मग काडीने चारदा दाबले. त्या दिवशी द्वादशी होती. वरचा चंद्र पोट सुटलेला, खिडकीतला घास घेतलेला.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे : सर, तुम्ही स्वतः कोणते घड्याळ वापरता? एचएमटी, १९७९चे. रोज सकाळी चावी देतो, दिवसाला दोन मिनिटे मागे पडते. महिन्याभरापासून अजिबात बंद आहे. अकोल्यात दोन ठिकाणी दाखवले, दोघांनीही सेल बदलून देतो म्हणून सांगितले. अमरावतीला अजून कोणी चावीचे घड्याळ उघडत असेल तर खाली उतरताना आम्हाला जरूर सांगा.